प्रथिनांचे स्फटिक यंत्र कसे वाढवते, आणि तरीही ते काम अवघड का राहते

२०२४ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक डेव्हिड बेकर, डेमिस हसाबिस आणि जॉन जंपर यांना जाहीर झाले, तेव्हा बहुतेक बातम्यांचा सूर एकच होता : प्रथिनाचा आकार आता संगणक सांगतो. हसाबिस आणि जंपर यांच्या अल्फाफोल्ड या प्रणालीने वीस कोटींहून अधिक प्रथिनांचे अंदाजित आकार सर्वांसाठी खुले केले आहेत, त्यामुळे त्या बातम्यांना चूक म्हणता येणार नाही. तरीही औषध कंपन्या आणि संशोधन संस्था आजही एका वेगळ्याच कामासाठी महागडी यंत्रे चालवत आहेत. ही यंत्रे डोळ्याला जेमतेम दिसणारे थेंब हजारोंच्या संख्येने टाकतात, आठवडेच्या आठवडे त्यांची छायाचित्रे काढत राहतात आणि त्यांतल्या एखाद्या थेंबात प्रथिनाचा स्फटिक तयार झाला आहे का, याचा शोध घेतात. उत्तर संगणकाला ठाऊक असेल तर हा खटाटोप कशासाठी, असा प्रश्न कोणालाही पडेल. त्याचे उत्तर देण्याआधी हा खटाटोप मुळात काय आहे, ते पाहिले पाहिजे.

आकार कळून काय मिळते?

प्रथिन म्हणजे वीस प्रकारच्या अमिनो आम्लांची लांबलचक साखळी. ही साखळी पेशीत ठरावीक पद्धतीने दुमडते, आणि दुमडल्यावर तिला जो आकार येतो त्यावर तिचे काम अवलंबून असते. बहुतेक औषधे एखाद्या प्रथिनाच्या पृष्ठभागावरील पोकळीत जाऊन बसतात आणि त्याचे काम थांबवतात किंवा बदलतात. त्या पोकळीत कोणता अणू नेमका कुठे आहे हे ठाऊक असेल, तर औषध तयार करणाऱ्याला अंदाजाने चाचपडत बसावे लागत नाही.

गोव्यातील वाचकाला सर्वांत जवळचे उदाहरण इन्सुलिनचे वाटेल. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत मधुमेहाचे सर्वाधिक प्रमाण गोव्यातच आढळले, २६.४ टक्के. इन्सुलिन हे प्रथिनच आहे. डोरोथी हॉजकिन यांनी १९३०च्या दशकाच्या मध्यावर इन्सुलिनच्या स्फटिकाचे पहिले क्ष-किरण चित्र घेतले आणि त्याची अणूंची रचना पूर्णपणे उलगडायला १९६९ साल उजाडले. त्या रचनेतून दिसले की इन्सुलिनचे सहा रेणू जस्ताच्या अणूंभोवती एकत्र येऊन गट करतात. टोचलेल्या इन्सुलिनचे हे गट सुटे झाल्याशिवाय ते रक्तात नीट शोषले जात नाही, म्हणून पूर्वी जेवणाच्या बरेच आधी इंजेक्शन घ्यावे लागे. दोन रेणू जिथे एकमेकांना चिकटतात त्या जागेजवळच्या दोन अमिनो आम्लांची अदलाबदल केल्यावर गट लवकर सुटतात, आणि त्यातूनच लिस्प्रो हे जलद काम करणारे इन्सुलिन तयार झाले. १९९६ मध्ये त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली. आज जेवणाला बसताना इन्सुलिन टोचून घेणाऱ्या रुग्णाची सोय अशा रीतीने एका स्फटिकापर्यंत मागे नेता येते.

मलेरियाचे उदाहरणही गोव्याला परके नाही. पायरिमेथामीन हे जुने औषध पुष्कळ ठिकाणी निष्प्रभ ठरले. ते का, याचे चित्र २००३ मध्ये थायलंडमधील संशोधकांनी परजीवीच्या संबंधित प्रथिनाचा स्फटिक अभ्यासला तेव्हा स्पष्ट झाले : साखळीतील १०८ व्या जागेवरील अमिनो आम्ल बदलल्याने औषधाला पोकळीत बसायला अडथळा होतो. त्या अडथळ्याला वळसा घालणारा पी-२१८ हा नवा रेणू पुढे याच माहितीच्या आधारे रचण्यात आला.

स्फटिकच कशाला हवा?

दृश्य प्रकाशाची तरंगलांबी ४०० ते ७०० नॅनोमीटर असते, तर प्रथिनातील शेजारी शेजारी असलेल्या दोन कार्बन अणूंमधील अंतर सुमारे ०.१५ नॅनोमीटर. त्यामुळे प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाने, तो कितीही उत्तम असला तरी, अणू वेगवेगळे दिसणार नाहीत. क्ष-किरणांची तरंगलांबी ०.१ नॅनोमीटरच्या आसपास असल्याने ते या कामाला योग्य ठरतात. अडचण अशी की एकट्या रेणूवरून विखुरलेले क्ष-किरण अत्यंत क्षीण असतात, आणि ते मोजता येण्याइतका मारा केला तर रेणूच नष्ट होतो.

स्फटिकात मात्र एकाच प्रकारचे रेणू एकाच दिशेला तोंड करून ओळीने मांडलेले असतात. एक दशांश मिलिमीटर बाजूच्या स्फटिकात मध्यम आकाराच्या प्रथिनाचे सुमारे दहा लाख कोटी रेणू मावतात. सगळ्यांवरून विखुरलेले किरण काही ठरावीक दिशांनी एकत्र येऊन बळकट होतात आणि पडद्यावर ठिपक्यांचा नमुना उमटतो. यालाच विवर्तन म्हणतात. ठिपक्यांच्या जागा आणि त्यांची तीव्रता यांवरून गणित करून रेणूतील अणूंच्या जागा काढता येतात. जॉन केंड्रू यांनी १९५८ मध्ये मायोग्लोबिनचा पहिला, काहीसा ढोबळ आकार याच मार्गाने काढला, आणि १९६२ मध्ये त्यांना व हिमोग्लोबिनवर काम करणाऱ्या मॅक्स पेरुट्झ यांना नोबेल मिळाले.

म्हणजे गणित जुने आहे, किरण आहेत, मोजणारी उपकरणेही आता अतिशय वेगवान झाली आहेत. खोळंबा होतो तो स्फटिकापाशी.

मिठागरात जे घडते ते, आणि जे घडत नाही ते

पेडण्यातील आगरवाडा, नेरूल किंवा रायबंदर इथली मिठागरे ज्यांनी पाहिली आहेत त्यांना स्फटिकीकरणाचे मूळ तत्त्व नव्याने सांगायची गरज नाही. खाडीचे पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात घेतले जाते, ऊन आणि वारा त्यातले पाणी उडवतात, आणि शेवटच्या वाफ्यात पाण्यात मावेल त्यापेक्षा मीठ जास्त झाले की दाणे धरू लागतात. विरघळण्याच्या मर्यादेपेक्षा जास्त पदार्थ पाण्यात असण्याच्या या अवस्थेला अतिसंपृक्तता म्हणतात. पाणी हळूहळू आटले तर दाणा मोठा येतो, घाई झाली तर बारीक चुरा मिळतो.

प्रथिनाचा स्फटिकही अतिसंपृक्त द्रावणातूनच निघतो. सर्वांत प्रचलित रीत अशी. शुद्ध प्रथिनाचा एक थेंब आणि अवक्षेपकाचा एक थेंब एकत्र करतात. अवक्षेपक म्हणजे प्रथिनाला पाण्यातून बाहेर ढकलणारा पदार्थ. अमोनियम सल्फेटसारखे क्षार आणि पॉलिइथिलीन ग्लायकॉल हे त्यांतले नेहमीचे. हा मिश्र थेंब एका लहानशा बंद खळग्यात ठेवतात आणि त्याच खळग्यात, थेंबाला न लागता, अवक्षेपकाचे मूळ द्रावण जास्त प्रमाणात भरतात. थेंबातील अवक्षेपक निम्म्याने पातळ झालेला असल्यामुळे थेंबातले पाणी वाफेच्या रूपाने निघून त्या दाट द्रावणाकडे जात राहते. काही तासांत किंवा दिवसांत थेंब साधारण निम्मा होतो आणि त्यातले प्रथिन दाट होते. ऊन-वाऱ्याच्या जागी बंद खळग्यातला हा वाफेचा प्रवास असतो, एवढाच फरक.

इथपर्यंतच मिठागर आपल्याला साथ देते. सोडियम आणि क्लोराइड यांचे आयन लहान आणि गोल असतात, कोणत्याही बाजूने जुळतात, आणि म्हणूनच पावसाने दगा दिला नाही तर मार्चमध्ये मीठ येणार हे आगरातल्या माणसाला ठाऊक असते. प्रथिनाच्या एका रेणूत हजारो अणू असतात, त्याचा आकार वेडावाकडा असतो, काही भाग सतत हलत असतात, आणि शेजारच्या रेणूशी त्याचा संबंध केवळ मोजक्या जागी येतो. शिवाय स्फटिकाचा सुमारे निम्मा भाग पाणीच असतो. जे. डी. बर्नाल आणि हॉजकिन यांना १९३४ मध्ये पेप्सिनच्या स्फटिकांवर काम करताना कळले की त्यांना त्यांच्या मूळ द्रावणातच ओले ठेवले तरच स्पष्ट ठिपके मिळतात. वाळू दिले की आतली मांडणी कोसळते.

यात आणखी एक मेख आहे. स्फटिकाचा पहिला सूक्ष्म कण धरण्यासाठी जितकी अतिसंपृक्तता लागते, त्यापेक्षा कमी अतिसंपृक्ततेत तो पुढे चांगला वाढतो. थेंब फारच दाट झाला तर रेणू कसेही एकमेकांना चिकटून गाळ खाली बसतो, ज्याला अवक्षेप म्हणतात. पुरेसा दाट झालाच नाही तर थेंब महिनोन्‌महिने नितळ राहतो. या दोहोंमधली पट्टी अरुंद असते आणि प्रत्येक प्रथिनासाठी ती वेगळ्या ठिकाणी असते. अमुक प्रथिनाचा स्फटिक अमुक द्रावणात येईल, हे त्याच्या साखळीवरून आधी सांगणारा भरवशाचा नियम आजही कोणाकडे नाही. पुढचे सगळे त्यातूनच येते.

हाताने करताना काय अडते?

नियम नसेल तर अनेक द्रावणे करून पाहणे एवढाच मार्ग उरतो. अवक्षेपक कोणता, किती दाट, सामू किती, सोबत कोणता क्षार, तापमान चार अंश की वीस, यांतील प्रत्येकाच्या मोजक्याच शक्यता धरल्या तरी गुणाकार हजारांत जातो. १९९१ मध्ये जान्सरिक आणि किम यांनी यावर व्यवहारी तोड काढली. ज्या द्रावणांत पूर्वी इतर प्रथिनांचे स्फटिक आले होते त्यांतून ५० द्रावणांचा एक संच त्यांनी निवडला, आणि सगळी शक्यता चाळण्याऐवजी या विखुरलेल्या ५० जागी आधी पाहावे असे सुचवले. आज बाजारात तयार मिळणारे बहुतेक संच याच कल्पनेवर आधारलेले आहेत.

हाताने काम करणारा विद्यार्थी २४ खळग्यांची प्लेट घेतो, प्रत्येक खळग्याच्या कडेला ग्रीस लावतो, काचेच्या चकतीवर एक मायक्रोलिटर प्रथिन आणि एक मायक्रोलिटर द्रावण ठेवतो, आणि चकती उलटी करून खळग्यावर बसवतो. थेंब टांगता राहतो. मग ठरावीक दिवसांनी एकेक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली पाहून वहीत नोंद करायची. हे काम कंटाळवाणे आहे यात शंका नाही. परंतु यंत्र आणण्याचे मुख्य कारण कंटाळा आहे असे मानले तर मुद्दा निसटतो.

मुख्य कारण प्रथिनाची टंचाई हे आहे. दर मिलिलिटरला १० मिलिग्रॅम हे स्फटिकीकरणासाठी नेहमी वापरले जाणारे प्रमाण धरले, तर एक मायक्रोलिटर म्हणजे १० मायक्रोग्रॅम, आणि हजार द्रावणांसाठी १० मिलिग्रॅम शुद्ध प्रथिन खर्ची पडते. जिवाणूंकडून सहज मिळणाऱ्या प्रथिनाला हा हिशेब परवडतो. मानवी पेशींच्या पटलात रुतलेल्या एखाद्या प्रथिनाचे एक मिलिग्रॅम मिळवायलाही कित्येक आठवडे लागू शकतात. थेंब दहापट लहान करता आला, तर तेवढ्याच प्रथिनात दहापट प्रयत्न बसतात.

यंत्र नेमके काय करते?

नॅनोलिटर म्हणजे लिटरचा अब्जावा भाग. आजची थेंब टाकणारी यंत्रे सर्रास १०० नॅनोलिटर प्रथिन आणि १०० नॅनोलिटर द्रावण एकत्र करतात. नळातून गळणारा पाण्याचा नेहमीचा थेंब याच्या शेकडो पट मोठा असतो. काही यंत्रे बारीक सुयांच्या रांगेने द्रव उचलून टाकतात. दुसऱ्या प्रकारात सुईच नसते : भांड्याच्या तळातून ध्वनिलहरींचा झोत दिला जातो आणि २.५ नॅनोलिटरचा कण द्रवाच्या पृष्ठभागावरून उडून वर धरलेल्या प्लेटला चिकटतो. आठ गुणिले बारा अशा ९६ खळग्यांची प्लेट काही मिनिटांत भरून होते.

एवढ्या लहान थेंबाचा शत्रू म्हणजे कोरडी हवा. १०० नॅनोलिटरचा थेंब उघड्यावर पाहता पाहता आटतो, आणि प्लेट भरून होईपर्यंत पहिल्या रांगेतील थेंब शेवटच्या रांगेतील थेंबांपेक्षा दाट झालेले असतात. मग एकाच प्लेटवर दोन वेगळे प्रयोग होऊन बसतात. म्हणून यंत्राभोवती दमट हवा कोंडून ठेवतात आणि प्लेट भरताच पारदर्शक चिकटपट्टीने बंद करतात. जूनमधल्या गोव्याच्या हवेत हा त्रास होणार नाही असे कोणाला वाटेल, पण प्रयोगशाळेतला वातानुकूलक तीही सवलत काढून घेतो.

बंद केलेल्या प्लेटी तापमान काटेकोर राखणाऱ्या कपाटात जातात. कपाटातलाच यांत्रिक हात ठरलेल्या दिवशी प्रत्येक प्लेट कॅमेऱ्याखाली नेतो. सुरुवातीला रोज, मग आठवड्याने, पुढे महिन्याने, अशी छायाचित्रे घेतली जातात. ९६ खळगे, प्रत्येकात तीन थेंब आणि बारा वेळा छायाचित्रे धरली, तर एका प्लेटची ३,४५६ चित्रे होतात, आणि शंभर प्लेटींची साडेतीन लाखांच्या जवळ. ही चित्रे पाहणार कोण, हा प्रश्न थेंब टाकण्याच्या प्रश्नापेक्षा जास्त काळ रेंगाळला.

यावर दोन उपाय झाले. पहिला प्रकाशाचा. स्फटिक दिसला तरी तो प्रथिनाचा की द्रावणातील क्षाराचा, हे साध्या चित्रावरून सांगता येत नाही, आणि क्षाराचा देखणा स्फटिक पाहून हुरळून जाण्याची पाळी या क्षेत्रातील बहुतेकांवर कधी ना कधी येते. अतिनील प्रकाशात ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल चमकते. क्षाराचा स्फटिक अंधारा राहतो. ज्या प्रथिनात ट्रिप्टोफॅन नाही तिथे अर्थातच ही युक्ती फारशी चालत नाही. दुसरा उपाय चित्रे ओळखायला शिकवलेल्या संगणकाचा. अनेक संस्था आणि कंपन्यांनी आपल्याकडची सुमारे पाच लाख चित्रे एकत्र केली आणि २०१८ मध्ये मार्को नावाची प्रणाली प्रसिद्ध केली. ती प्रत्येक थेंबाला चारपैकी एक वर्ग देते : नितळ, अवक्षेप, स्फटिक, इतर. चाचणीच्या चित्रांपैकी ९४ टक्क्यांहून अधिक चित्रांचा वर्ग तिने बरोबर सांगितला.

हा आकडा ऐकायला उत्तम आहे, पण तो जपून वाचला पाहिजे. हजार थेंबांत खरे स्फटिक दहाच असतील, तर सहा टक्के चुका म्हणजे साठ थेंबांवर चुकीचा शिक्का. चुका खऱ्या स्फटिकांहून जास्त झाल्या. यंत्राने निवडलेली यादी माणसाने पुन्हा चाळणे म्हणूनच थांबलेले नाही. फक्त साडेतीन लाखांऐवजी काही हजार चित्रे पाहावी लागतात.

पहिला स्फटिक म्हणजे काम फत्ते?

नाही. पहिल्या चाळणीत सापडलेल्या आशादायक थेंबाला प्रयोगशाळेत हिट म्हणतात, आणि हिट बहुधा सुयांचा झुबका, पातळ पापुद्रे किंवा बारीक चुरा असतो. त्यावर क्ष-किरण टाकून फारसे हाती लागत नाही. मग त्या द्रावणाच्या आसपास सामू थोडा वर-खाली, अवक्षेपक थोडा कमी-जास्त असे नवे संच यंत्राकडून करून घेतात. त्याहून परिणामकारक उपाय म्हणजे बीज टाकणे : मिळालेला निकृष्ट स्फटिक चुरडून त्याचे सूक्ष्म कण नव्या थेंबांत सोडायचे. कण आधीच हजर असल्यामुळे थेंबाला फार दाट होण्याची गरज राहत नाही आणि स्फटिक वाढीला अनुकूल अशा सौम्य परिस्थितीत सावकाश मोठा होतो. हे बीज आसपासच्या द्रावणांतच नव्हे, तर अगदी वेगळ्या द्रावणांच्या संपूर्ण संचात टाकून पाहण्याची पद्धत २००७ पासून रुळली, आणि यंत्राशिवाय ती जवळपास कोणी अंगावर घेतली नसती.

इथे लहान थेंबाची किंमतही मोजावी लागते. १०० नॅनोलिटरच्या थेंबात जे जुळले ते एक मायक्रोलिटरच्या थेंबात तसेच जुळेल असे नाही, कारण लहान थेंबाला त्याच्या आकारमानाच्या मानाने पृष्ठभाग जास्त असतो आणि तो वेगाने आटतो. मोठा स्फटिक हवा असेल तर द्रावण पुन्हा जुळवावे लागते. सुदैवाने आजच्या क्ष-किरणांचा झोत काही मायक्रोमीटरपर्यंत बारीक करता येत असल्याने मोठ्या स्फटिकाची निकड पूर्वीइतकी राहिलेली नाही.

यंत्राशिवाय जे जवळजवळ शक्यच झाले नसते असे एक दालन म्हणजे पेशीपटलातील प्रथिने. त्यांना पाण्याऐवजी मेद लागतो. लँडाऊ आणि रोझेनबुश यांनी १९९६ मध्ये मेद आणि पाणी यांच्या एका घट्ट, चिकट मिश्रणात असे प्रथिन ठेवून स्फटिक मिळवण्याची रीत दाखवली. हे मिश्रण साध्या पिपेटने अचूक मापात टाकणे म्हणजे दिव्यच असते. यंत्र ते ५० नॅनोलिटरच्या मापात टाकते. अॅड्रेनलिनसारख्या संदेशांना प्रतिसाद देणाऱ्या ज्या ग्राहक प्रथिनांच्या अभ्यासासाठी ब्रायन कोबिल्का आणि रॉबर्ट लेफकोविट्झ यांना २०१२ चे नोबेल मिळाले, त्यांच्या अनेक रचना याच मिश्रणातून आल्या आहेत.

स्फटिक उचलणे हे शेवटचे काम अजून बऱ्याच ठिकाणी हातानेच होते. केसाइतक्या बारीक फासात तो धरायचा आणि द्रवरूप नायट्रोजनमध्ये बुडवायचा. ग्रेनोबल येथील युरोपीय प्रयोगशाळेने थेंबाखालची पातळ पटलिकाच लेसरने कापून स्फटिक उचलणारे यंत्र तयार केले आहे.

हा नुसता अंधारात खडा टाकण्याचा प्रकार नाही का?

आक्षेप रास्त आहे आणि तो पूर्णपणे खोडून काढता येणार नाही. स्वयंचलनाने स्फटिकाचे कोडे सोडवलेले नाही. त्याने प्रत्येक फसलेल्या प्रयत्नाची किंमत कमी केली. अमेरिकेत २००० ते २०१५ या काळात सरकारी पैशाने प्रथिनांच्या रचना घाऊक प्रमाणात काढण्याचा मोठा उपक्रम चालला. त्यात यंत्रे, संच, चित्रण यांची घडी बसली, आणि त्याचबरोबर हेही उघड झाले की हाती घेतलेल्या प्रथिनांपैकी बहुसंख्य वाटेतच गळतात : काही विरघळत नाहीत, काही शुद्ध होत नाहीत, आणि शुद्ध झालेल्यांतील पुष्कळांचे स्फटिक येत नाहीत.

माझ्या मते यंत्राचा खरा, आणि कमी बोलला जाणारा, लाभ फसलेल्या थेंबांच्या नोंदीत आहे. शोधनिबंधात यशस्वी द्रावणच छापले जाते. हाताने काम करणाऱ्याच्या वहीत 'काही नाही' एवढीच नोंद असते, आणि विद्यार्थी बाहेर पडला की वहीही जाते. यंत्राकडे मात्र प्रत्येक थेंबात काय होते, तो कोणत्या दिवशी गढूळ झाला, कोणत्या दिवशी नितळ राहिला, याचा चित्रांसह हिशेब राहतो. अमेरिकेतील बफेलो येथील स्फटिकीकरण केंद्र एका प्रथिनावर एका वेळी १,५३६ द्रावणे तेलाखाली तपासते, आणि अशा नोंदींमुळेच मार्कोसारखी प्रणाली शिकवता आली. कोणत्या द्रावणात स्फटिक येईल याचा नियम कधी सापडलाच, तर तो यशांच्या यादीतून सापडणार नाही, कारण त्या यादीत तुलनेला दुसरी बाजूच नाही.

अल्फाफोल्ड आल्यावर हे सगळे निकालात निघत नाही का?

पहिली गोष्ट, अल्फाफोल्ड ज्यावर शिकले ते प्रथिनांच्या रचनांचे जागतिक भांडार १९७१ मध्ये सात रचनांनी सुरू झाले आणि २०२३ मध्ये त्याने दोन लाखांचा टप्पा ओलांडला. त्यातील बहुतांश रचना स्फटिकांतूनच आलेल्या आहेत. दुसरी गोष्ट अधिक व्यवहाराची आहे. औषध तयार करणाऱ्याला प्रथिनाचा एकच आकार पुरत नाही. हा रेणू पोकळीत बसतो का, कोणत्या बाजूने बसतो, बसल्यावर शेजारची साखळी किती सरकते, त्यातला एक अणू बदलला तर काय होते, असे शेकडो प्रश्न त्याला एकाच प्रथिनाविषयी विचारायचे असतात. नव्या प्रणाली यांचेही अंदाज देतात, पण त्या अंदाजावर औषधाचा खर्च लावण्यापूर्वी पडताळा लागतोच.

२०२० मध्ये करोना विषाणूच्या मुख्य प्रोटिएज प्रथिनाबाबत हेच झाले. इंग्लंडमधील डायमंड या क्ष-किरण केंद्रावर त्या प्रथिनाचे स्फटिक मोठ्या संख्येने वाढवण्यात आले, त्यांत साडेबाराशेहून अधिक लहान रेणू एकेक करून भिजवण्यात आले, आणि प्रत्येकाची क्ष-किरण चित्रे घेऊन सत्तरहून अधिक रेणू प्रथिनाला कुठे बिलगतात ते काही महिन्यांत दाखवण्यात आले. इथे यंत्राला नवा स्फटिक शोधायचा नव्हता. सारखे, मजबूत स्फटिक शेकड्यांनी पुरवायचे होते. आज औषध संशोधनात स्वयंचलनाची मागणी मुख्यतः या दुसऱ्या कामासाठी आहे.

संगणकाचा अंदाज आणि स्फटिक यांत वैर आहे असेही नाही. ठिपक्यांच्या नमुन्यावरून अणूंच्या जागा काढताना माहितीचा एक भाग गहाळ असतो आणि तो भरून काढायला आरंभीचा ढोबळ आकार लागतो. तो आता बऱ्याचदा अल्फाफोल्डकडून घेतला जातो. साखळीची कोणती टोके सैल आहेत हेही अंदाजावरून दिसते, आणि ती छाटून प्रथिन बनवले तर स्फटिक येण्याची शक्यता वाढते. ज्याच्या विकासासाठी २०१७ चे नोबेल दिले गेले त्या अतिशीत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या तंत्राला तर स्फटिक लागतच नाही, आणि मोठ्या प्रथिनसमूहांसाठी ते आज पहिल्या पसंतीचे आहे. लहान प्रथिने आणि झटपट शेकडो रेणूंची तपासणी यांत मात्र स्फटिकाचे पारडे अजून जड आहे.

स्फटिकातला आकार शरीरातला असतो का?

पुष्कळ अंशी असतो. स्फटिकाचा निम्मा भाग पाणी असल्याने प्रथिन कोरडे पडलेले नसते, आणि कित्येक विकरे स्फटिकात असतानाही आपले काम करतात असे दिसून आले आहे. तरी पृष्ठभागावरील सैल वळणे शेजारच्या रेणूच्या दाबाने वेगळी दिसू शकतात, आणि उणे १७३ अंश सेल्सियसला घेतलेल्या मोजमापात प्रथिनाची हालचाल गोठलेली असते. यासाठी काही केंद्रांवर स्फटिक न उचलता प्लेटमध्येच, नेहमीच्या तापमानाला, त्यावर क्ष-किरण टाकले जातात.

हे काम गोव्यातून करता येईल का?

भारताला या शास्त्राची मोठी परंपरा आहे. मद्रासमध्ये जी. एन. रामचंद्रन यांनी कोलॅजेनची रचना मांडली आणि १९६३ मध्ये प्रथिनांच्या साखळीचे कोन तपासण्याची जी आकृती दिली, ती आजही प्रत्येक नव्या रचनेच्या तपासणीत वापरली जाते. हॉजकिन यांच्याबरोबर इन्सुलिनवर काम केलेले एम. विजयन यांनी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रथिन स्फटिकशास्त्राचा पाया घातला. इंदूरच्या राजा रामण्णा केंद्रातील इंडस-२ या सिंक्रोट्रॉनवर प्रथिन स्फटिकांसाठी स्वतंत्र किरणमार्ग आहे. सिंक्रोट्रॉन म्हणजे वेगवान इलेक्ट्रॉन फिरवून प्रखर क्ष-किरण मिळवणारे वर्तुळाकार यंत्र.

गोव्यात विद्यापीठ आहे, झुआरीनगरला बिट्स पिलानीचे केंद्र आहे, आणि वेर्णा व कुंडई इथे औषध कारखाने आहेत, त्यामुळे हा विषय शिकणाऱ्यांना इथे वाव नाही असे म्हणता येत नाही. शिकण्याची सुरुवात कोंबडीच्या अंड्याच्या पांढऱ्यातील लायसोझाइम या प्रथिनापासून होते. ते शुद्ध स्वरूपात स्वस्त मिळते, आणि सोडियम अॅसिटेटच्या सुमारे ४.५ सामू असलेल्या द्रावणात साधे मीठच अवक्षेपक म्हणून वापरले तर एक-दोन दिवसांत डोळ्यांना दिसणारे स्फटिक देते. त्यासाठी २४ खळग्यांची प्लेट आणि साधा सूक्ष्मदर्शक पुरतो. मात्र तापमान स्थिर राखणारे कपाट बॅटरीच्या बॅकअपवर असले पाहिजे, कारण पावसाळ्यात वीज गेली की खोलीचे तापमान चढते, थेंबाची अतिसंपृक्तता बदलते आणि कालचा निकाल आज पुन्हा मिळत नाही.

थेंब टाकणारे यंत्र प्रत्येक महाविद्यालयाने घेणे परवडणार नाही आणि तशी गरजही नाही. जगभर ही यंत्रे सामायिक केंद्रांत ठेवली जातात; संशोधक शुद्ध प्रथिन पाठवतो आणि चित्रे आपल्या संगणकावर पाहतो. गोठवलेले स्फटिक द्रवरूप नायट्रोजनने थंड केलेल्या पेटीतून सिंक्रोट्रॉनला जातात, तिथला यांत्रिक हात ते झोतासमोर बसवतो, आणि अनेक केंद्रांवर संशोधक आपल्या जागेवरूनच मोजमाप चालवतो. या साखळीतला जो दुवा बाहेरून भाड्याने मिळत नाही तो सुरुवातीचा : शुद्ध, एकजिनसी, न विघटलेले प्रथिन. म्हणून गोव्यातल्या एखाद्या विभागाला या कामात उतरायचे असेल, तर पहिला निधी यांत्रिक हाताऐवजी प्रथिन शुद्ध करणाऱ्या स्तंभांवर, शीतगृहावर आणि ते चालवणाऱ्या प्रशिक्षित माणसांवर खर्च केलेला बरा.